बेट रिकामे करायचे आहे

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या संरक्षण खात्यात एक योजना गुपचूप शिजत होती. कॅरिबियन समुद्रातले व्हिएकेस नावाचे बेट पूर्ण मोकळे करायचे. राहती माणसे उठवायची, बेटाची नगरपालिका मोडीत काढायची आणि दफनभूमीतले मृतदेहही उकरून दुसरीकडे न्यायचे. मेलेल्यांचा त्रास कुणाला होणार, असे वाटेल. पण कबर राहिली की तिच्यावर फुले ठेवायला कुणीतरी येतच राहते, आणि बेट खरोखर रिकामे करायचे तर ही ये-जासुद्धा थांबायला हवी होती. लोकांनी पुढे या योजनेला ‘ड्रॅक्युला’ असे नाव ठेवले. पोर्तो रिकोचे गव्हर्नर लुईस मुन्योस मारीन यांनी १९६१ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष केनेडींना पत्र लिहून कडाडून विरोध कळवला. योजना बासनात गेली. मेलेले आपल्या जागी राहिले, जिवंतही राहिले.

बॉम्बफेकीच्या मैदानाला एकच अट असते: तिथे कुणी नसले पाहिजे. नकाशावर तेवढा तुकडा कोरा हवा. व्हिएकेसवर साठ वर्षे जे चालले ते एका अर्थी या कोऱ्या तुकड्यावरूनच. एका बाजूला जगातले सर्वांत बलाढ्य नौदल तो तुकडा कोरा ठेवायला बघत होते. दुसऱ्या बाजूला नऊ-दहा हजार माणसे होती, त्यांच्या होड्या होत्या आणि मासे धरायचे सापळे होते.

उसाचे बेट, नौदलाचे बेट

व्हिएकेस हा पोर्तो रिकोचा भाग. मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यापासून तेरा-चौदा किलोमीटरांवर, पूर्व-पश्चिम पसरलेला, चौतीस किलोमीटर लांब आणि सहा-सात किलोमीटर रुंद असा जमिनीचा पट्टा. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर १८९८ मध्ये पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात गेले. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, पण ते अर्धेमुर्धे. बेटावर राहणारा माणूस अमेरिकेच्या सैन्यात जाऊन लढू शकतो, राष्ट्राध्यक्षाला मत मात्र देऊ शकत नाही. काँग्रेसमध्ये त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, त्याला सभागृहात अंतिम मतदानाचा हक्क नाही. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ या एका व्यवस्थेत आहे. ज्यांची मते निवडणुकीत मोजली जात नाहीत, त्यांच्या अंगणात तोफा लावणे स्वस्त पडते.

१९४० च्या सुमारास बेटावर दहा हजारांवर लोक राहत होते आणि जवळपास सगळे उसावर जगत होते. जमीन मूठभर मळेवाल्यांची. मजूर मळ्याच्याच जमिनीवर झोपडी बांधून राहायचा, परसात चार कंद लावायचा, एखादी गाय-शेळी पाळायचा. अशा कुळांना तिथे ‘आग्रेगादो’ म्हणत. पिढ्यान् पिढ्या राहूनही त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा अमेरिकी नौदलाला कॅरिबियनमध्ये प्रचंड मोठा तळ हवा होता. ब्रिटन पडलेच तर त्याच्या आरमाराला आसरा देता येईल, एवढा मोठा. मुख्य बेटापासून व्हिएकेसपर्यंत समुद्रात भिंत घालून मधले पाणी बंदिस्त करायचा बेत होता. काम सुरूही झाले. युद्धाचा रंग पालटला आणि भिंत अर्ध्यातच थांबली. उत्तर किनाऱ्यावरून समुद्रात घुसलेला तो दगडी धक्का आजही आहे. लोक त्याला ‘रोंपेओलास’, म्हणजे लाटा फोडणारा, म्हणतात आणि त्याच्यावर बसून गळ टाकतात.

भिंत राहिली, जमीन मात्र गेली. १९४१ पासून १९४७ पर्यंत दोन टप्प्यांत नौदलाने बेटाच्या सुमारे ३३ हजार एकरांपैकी २६ हजार एकर घेतले. मोबदला सात-बारावाल्याला मिळतो. कुळाला कसला मिळणार? मळेवाल्यांना पैसे मिळाले आणि आग्रेगादोंना नोटिसा. काहींना घर सोडायला जेमतेम एक दिवस मिळाला, काहींना थोडे जास्त. झोपड्यांवर बुलडोझर फिरले. कुटुंबे बेटाच्या मधल्या पट्ट्यात आखलेल्या प्लॉटांवर आणून टाकली, तीही मालकीच्या कागदाशिवाय. ऊस संपला, साखर कारखाने बंद पडले, हजारो लोक पोट भरायला सांताक्रूझ बेटावर आणि अमेरिकेत गेले.

बेटाचे तीन तुकडे झाले. पश्चिमेला दारूगोळ्याची कोठारे. पूर्वेला सरावाचा मुलूख, आणि त्याच्या अगदी टोकाला सुमारे ९०० एकरांचा तुकडा, जिथे खरे बॉम्ब पडायचे. मध्ये लोक. उत्तरेला इसाबेल सेगुंदा हे गाव, दक्षिणेला एस्पेरान्सा. नकाशा पाहिला की सँडविचची आठवण होते.

वारा कुठून येतो

नौदलाला हे बेट एवढे प्रिय का होते? अटलांटिकच्या बाजूला त्याच्या ताब्यात अशी दुसरी जागा नव्हती, जिथे जहाजांवरून तोफा डागता येतील, विमानांतून बॉम्ब टाकता येतील आणि त्याच वेळी किनाऱ्यावर सैनिक उतरवता येतील. तिन्ही गोष्टी एकत्र, खऱ्या दारूगोळ्यासह. युद्धावर निघालेल्या विमानवाहू नौकांचे ताफे आधी इथे येऊन हात साफ करून जात. मित्रराष्ट्रांची आरमारेही येत. काही वर्षी सराव १८० दिवसांपर्यंत चाले, म्हणजे वर्षाचा निम्मा काळ.

सर्वांत जवळची वस्ती बॉम्ब पडायच्या जागेपासून सुमारे तेरा किलोमीटरांवर होती. अंतर पुरेसे वाटते. पण या भागात वर्षभर वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो आणि निशाण्याची जागा पूर्वेला होती. स्फोटाने उडालेली धूळ कुठे जाणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाईलाही ते ठाऊक असते. पुढे पोर्तो रिकोच्या आरोग्य खात्याच्या पाहणीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएकेसमधले कर्करोगाचे प्रमाण पोर्तो रिकोच्या मानाने सुमारे २७ टक्के जास्त दिसले. अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेने मात्र बॉम्बफेकीचा आणि आजारांचा संबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. तो वाद अजून मिटलेला नाही.

बोया तुटला की काय होते

प्रतिकाराची पहिली मोठी लाट समुद्रातून आली आणि तिचे कारण अगदी छोटे होते: बोया.

व्हिएकेसचा कोळी मासे आणि शेवंड धरायला सापळे लावतो. लाकडी सांगाडा, त्याला जाळी, आत शिरायला निमुळते तोंड. मासा आत जातो, बाहेर येत नाही. सापळा समुद्राच्या तळाशी सोडायचा, त्याला लांब दोर बांधायचा आणि दोराच्या वरच्या टोकाला बोया. पाण्यावर तरंगणारा तो बोया हीच कोळ्याची खूण. दोन-चार दिवसांनी येऊन बोया शोधायचा, दोर ओढायचा, सापळा वर घ्यायचा.

आता त्या पाण्यातून युद्धनौका गेली, असे समजा. तिच्या पंख्यात दोर सापडतो आणि कापला जातो. बोया वाहून जातो, सापळा तळाशीच राहतो. तो कुठे आहे हे आता कुणालाच कळणार नाही, पण त्याचे काम थांबत नाही. मासे आत शिरत राहतात, मरत राहतात, मेलेल्यांना खायला आणखी मासे येतात. एका फटक्यात कोळ्याचे भांडवल जाते, त्या दिवसाची मासळी जाते आणि पुढच्या मोसमाचीही थोडी जाते. नौदलाच्या दृष्टीने मात्र काहीच घडलेले नसते, कारण त्याच्या नकाशावर ते पाणी रिकामेच असते.

६ फेब्रुवारी १९७८ रोजी कोळ्यांनी ते पाणी भरून टाकले. सराव चालू असेपर्यंत मासेमारी बंद, असा हुकूम होता. कार्लोस सेनोन यांच्या नेतृत्वाखाली चाळीसेक होड्या, साध्या बाहेरच्या इंजिनाच्या, थेट सरावाच्या क्षेत्रात शिरल्या आणि युद्धनौकांच्या वाटेत उभ्या राहिल्या. जहाज जेवढे मोठे तेवढे त्याला वळायला पाणी जास्त लागते. होडी उथळात, खडकांच्या मधून, कुठेही जाते. कोणत्या खडकावर किती पाणी आहे, भरती कधी लागते, हे कोळ्याला तळहातासारखे माहीत होते. त्या दिवशी सराव थांबवावा लागला. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी युद्धनौकांचीच युक्ती त्यांच्यावर उलटवली. दोर आणि साखळ्या बोयांना बांधून पाण्यात सोडायच्या, म्हणजे जहाजाच्या पंख्यात त्या अडकतात. बेचकीने दगड आणि नट-बोल्ट मारणारे कोळी वर्तमानपत्रांत झळकले.

या धाडसामागे शेजारचे एक उदाहरण होते. उत्तरेला कुलेब्रा नावाचे आणखी लहान बेट आहे, तिथेही नौदल तोफांचा सराव करायचे. १९७०-७१ मध्ये तिथल्या लोकांनी किनाऱ्यावर ठाण मांडले. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यवादी पक्षाचे नेते रुबेन बेरीओस त्या वेळी तीन महिने तुरुंगात गेले. १९७५ मध्ये नौदलाने कुलेब्रावरचा गोळीबार बंद केला. कुलेब्रा सुटले, आणि तिथला सराव व्हिएकेसवर आला. एका बेटाचा सुटकेचा निःश्वास दुसऱ्याच्या कानाशी स्फोट होऊन पोहोचला.

कोर्टाचीही वाट चोखाळून झाली. गव्हर्नरांनी नौदलावर दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये निकाल लागला. पाण्यात दारूगोळा टाकायला नौदलाने परवाना घ्यायला हवा होता, पण म्हणून बॉम्बफेक ताबडतोब थांबवण्याची गरज नाही, असा त्याचा मथितार्थ. दरम्यान १९७९ च्या मे महिन्यात बंदी असलेल्या किनाऱ्यावर प्रार्थनेला जमलेल्या २१ जणांना अटक झाली. त्यांपैकी आन्हेल रॉड्रिगेस क्रिस्तोबाल हे नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडाच्या तुरुंगात मृतावस्थेत सापडले. अधिकाऱ्यांनी आत्महत्या म्हटले. पोर्तो रिकोत फार थोड्यांनी ते मानले. १९८३ मध्ये गव्हर्नर आणि नौदल यांच्यात करार झाला, त्यात रोजगाराची आणि पर्यावरणाची आश्वासने होती. चळवळ थंडावली, आश्वासने कागदावर राहिली.

एप्रिल १९९९

१९ एप्रिल १९९९ च्या संध्याकाळी एका लढाऊ विमानाने प्रत्येकी सव्वादोनशे किलोचे दोन बॉम्ब टाकले. ते निशाण्यावर न पडता निरीक्षण चौकीजवळ पडले. चौकीवर पहारा करणारा दाविद सानेस रॉड्रिगेस हा पस्तीस वर्षांचा माणूस ठार झाला, चौघे जखमी झाले. सानेस व्हिएकेसचाच. नौदलाच्या नोकरीत पोट भरणारा, आंदोलनाशी संबंध नसलेला.

जो तुकडा रिकामा आहे असे पन्नास वर्षे सांगितले गेले, तिथेच बेटावरचा एक माणूस उभा होता. आणि तो नौदलानेच उभा केला होता. हा विरोधाभास कुणाला भाषणातून समजावून सांगावा लागला नाही.

दोनच दिवसांनी लोक कुंपण ओलांडून आत शिरले. सानेस जिथे मेला त्या टेकडीवर त्यांनी क्रूस रोवला आणि टेकडीला ‘मोंते दाविद’, दाविदची टेकडी, असे नाव दिले. मग काहीजण तिथेच राहिले.

या राहण्यात सगळे आले. मोर्चा येतो आणि जातो, निवेदन फायलीत जाते. पण निशाण्याच्या मैदानात माणूस झोपला असेल, तर विमानाला परत फिरावे लागते. एकामागून एक डझनभर छावण्या उभ्या राहिल्या. कोळ्यांची एक, शिक्षकांची एक, चर्चची एक. साठीला आलेले बेरीओस मे महिन्यात तंबू घेऊन आले आणि वर्षभर राहिले. आजूबाजूला न फुटलेले बॉम्ब, जुन्या रणगाड्यांचे सांगाडे, खड्डेच खड्डे. त्यांच्या मधोमध लाकडी झोपड्या, प्रार्थनेसाठी एक छोटे देऊळ, सामाईक चूल. कोळी आपल्या होड्यांतून पिण्याचे पाणी, तांदूळ, घेवडा आणि माणसे पोहोचवत. ज्या होड्यांनी १९७८ मध्ये जहाजे अडवली, त्याच आता किराणा वाहत होत्या. तळाच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला आणखी एक छावणी होती. तिथे गावातल्या बाया आळीपाळीने बसत, येणाऱ्याला कॉफी देत, आत जाणाऱ्यांची नोंद ठेवत. बेटाच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या समितीच्या बैठका तिथेच भरत.

या दिवसांत आणखी एक गोष्ट बाहेर आली. अपघाताच्या आधी, फेब्रुवारीत, सरावाच्या विमानांनी या मैदानावर सौम्यीकृत युरेनियमच्या २६३ गोळ्या झाडल्या होत्या. चूक झाली, असे नौदलाने मान्य केले. आपल्या डोक्यावरून येणाऱ्या वाऱ्यात काय काय असू शकते, याचा बेटावरच्यांना नव्याने अंदाज आला.

पोर्तो रिकोचे राजकारण एका प्रश्नावर कायमचे दुभंगलेले आहे: अमेरिकेचे राज्य व्हायचे, आहे तसे राहायचे की स्वतंत्र व्हायचे? व्हिएकेसवर मात्र तिन्ही पंथ एका बाकावर आले. आंदोलकांनी हे जाणूनबुजून जपले. मागणी एवढीच ठेवली: आणखी एकही बॉम्ब नको. बेटाचे भवितव्य काय, अमेरिका चांगली की वाईट, हे वाद दाराबाहेर. २१ फेब्रुवारी २००० रोजी सान हुआन शहरात चर्चच्या पुढाकाराने मोर्चा निघाला. लाखभर माणसे, हातात पांढरे झेंडे आणि तोंडातून शब्द नाही. गाण्याबजावण्याशिवाय ज्या मुलखात काही होत नाही, तिथे ही शांतता कानठळ्या बसवणारी होती.

४ मे २००० रोजी पहाटे केंद्रीय मार्शल आले आणि दोनशेहून अधिक लोकांना उचलून बाहेर काढले. वर्षभराच्या खंडानंतर, काही दिवसांतच, बॉम्ब पुन्हा पडू लागले, या वेळी स्फोटके नसलेले. लोक पुन्हा कुंपण कापून आत जाऊ लागले. प्रत्येक सरावाच्या वेळी कुणीतरी झुडपांत लपलेले असायचे, त्याला शोधेपर्यंत सराव थांबायचा. अटक, सान हुआनचे न्यायालय, शिक्षा, सुटका, पुन्हा आत. बेटाचे महापौर दामासो सेरानो चार महिने तुरुंगात होते. अभिनेता एडवर्ड जेम्स ओल्मोस, धर्मोपदेशक अल शार्पटन, वकील रॉबर्ट केनेडी धाकटे यांनाही कैद झाली. केनेडींच्या त्या सुमारास जन्मलेल्या मुलाच्या नावात ‘व्हिएकेस’ हा शब्द आहे.

२९ जुलै २००१ रोजी पोर्तो रिको सरकारने बेटावर मतदान घेतले. ६८ टक्के लोकांनी बॉम्बफेक ताबडतोब थांबवण्याच्या बाजूने कौल दिला, नौदलाने राहावे असे तीसेक टक्क्यांना वाटले. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याआधीच, जूनमध्ये, नौदल मे २००३ पर्यंत निघेल असे जाहीर केले होते. मग ११ सप्टेंबरचा दहशतवादी हल्ला झाला. अमेरिकेत युद्धाचे वारे वाहू लागले, आंदोलकांनी काही काळ सत्याग्रह स्थगित ठेवला आणि आता दिलेला शब्द फिरवला जाईल, अशी धास्ती पसरली. तो फिरला नाही. फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला पर्यायी जागा आहेत, असे जानेवारी २००३ मध्ये नौदलानेच लिहून दिले. ज्या जागेला पर्याय नाही असे साठ वर्षे सांगितले, तिला पर्याय निघाला. १ मे २००३ रोजी नौदल गेले.

अभयारण्य

गोष्ट इथे संपवणे सोयीचे आहे. पण जमीन कुठे गेली, हे पाहायला हवे.

ती लोकांना मिळाली नाही. पश्चिमेकडचे सुमारे चार हजार एकर नगरपालिकेला मिळाले. उरलेली बहुतेक जमीन, सतरा हजारांवर एकर, केंद्र सरकारच्याच वन्यजीव खात्याकडे गेली आणि तिचे अभयारण्य झाले. बॉम्ब पडायच्या त्या ९०० एकरांना तर कायद्याने ‘निर्जन वन’ असा दर्जा मिळाला, म्हणजे माणसाला मज्जाव. कासवांना आणि पक्ष्यांना ते चांगलेच झाले, यात शंका नाही. पण बेटावरच्यांचा प्रश्न साधा होता. जिथे कुणी राहणार नाही असे ठरले, तिथली जमीन किती खोलवर साफ करायची? वन्यजीवांसाठी करायची सफाई आणि मुलांच्या खेळण्यासाठी करायची सफाई यांत फरक असतो, आणि तो फरक पैशांत मोजता येतो. २००५ मध्ये हा परिसर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत गेला. न फुटलेले बॉम्ब जमिनीतून आणि समुद्रतळातून काढायचे काम आजही चालू आहे, ते २०३० च्या दशकापर्यंत जाईल. नकाशावरचा तुकडा कोरा तो कोराच राहिला. फक्त त्याचा रंग लष्करी खाकीतून हिरवा झाला.

मधल्या पट्ट्यात, जिथे माणसे आहेत, तिथे रिकामे होण्याची वेगळी तऱ्हा सुरू झाली. बॉम्ब थांबल्यावर पर्यटक आले. रात्री होडीतून हात घातला की जिचे पाणी निळे चमकते, ती मोस्किटो खाडी जगप्रसिद्ध झाली. घरांच्या किमती आणि भाडी वाढली, ती पगाराला झेपेनात. मुख्य बेटाला जोडणारी फेरीबोट आज येते, उद्या येत नाही. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने बेटावरचे एकमेव रुग्णालय मोडले आणि पुढे कित्येक वर्षे ते उभेच राहिले नाही. बाळंतपणाची सोय नसल्याने दिवस भरत आलेल्या बाईला आधीच समुद्र ओलांडून मुख्य बेटावर जाऊन राहावे लागते.

१९६१ च्या योजनेने बेटावरचे मृतदेह हलवायचे ठरवले होते, ते जमले नाही. इसाबेल सेगुंदाच्या दफनभूमीत आजही फुले येतात. पण त्या कबरींतल्या माणसांच्या दाखल्यावर जन्मगाव व्हिएकेस असे लिहिलेले होते. त्यांच्या पणतवंडांच्या दाखल्यावर दुसऱ्याच गावाचे नाव येते. नौदलाशी लढलेल्या कोळ्यांना विचारले, की लढाई संपली का, तर ते रुग्णालयाबद्दल आणि फेरीबोटीबद्दल बोलू लागतात.